खड्डा संगणकात कसा भरावा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम अभिनंदन! महामार्ग देखभालीची संगणक प्रणाली सुधारण्याचं काम तुमच्याकडे आलंय, याचा अर्थ ते आधी ज्यांच्याकडे होतं त्यांची बदली झाली. सुरुवात शाहूवाडी तालुक्यापासून करा. इथं जून ते सप्टेंबर पाऊसच परीक्षा घेतो आणि तो कुणाची भीडभाड ठेवत नाही.

खड्डा दिसला की वाकून बघण्याची घाई नको. आधी तो कोणाचा, हे ठरवा. कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग १६६. पूर्वी तोच २०४ होता. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेचे, शिवाय पंतप्रधान ग्रामसडक योजनेचं खातं निराळं. फाट्यावरचा खड्डा दोन हद्दींत पसरला असेल तर तो दोनदा नोंदला जातो किंवा एकदाही नाही. दुसरी शक्यता जास्त. तेव्हा तक्रारदाराला मालक विचारूच नका. त्यानं जागा दाखवावी, मालक यंत्रानं हुडकावा.

जागाही सोपी नाही. कागदावर किलोमीटर आणि मीटर असतात. माणूस मात्र ‘बांबवड्याच्या अलीकडं, वडापाशी’ असं सांगतो. चौपदरीकरणात वड जातो, वळण सरळ होतं, किलोमीटरचे दगड सरकतात आणि जुन्या खड्ड्यांचा इतिहास भलत्याच गावाच्या नावावर जमा होतो. म्हणून प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांश जोडा. आंबा घाटात रेंज गेली तर फोटो वेळेसकट मोबाइलमध्ये साठून राहिला पाहिजे; चौकशी करणाऱ्या साहेबांना ‘सर्व्हर डाऊन होता’ हे कारण तोंडपाठ असलं तरीही.

आता बुजवणे. रीतसर पद्धत अशी: खड्ड्याच्या कडा चौकोनी तोडायच्या, चिखल-पाणी काढायचं, तळाला डांबराचा हात फिरवायचा, मग मिश्रण, मग रोलर. भर पावसातली पद्धत: दोन पाट्या मुरूम, वर खडी, आणि मागून येणारी एसटी हाच रोलर. दोन्ही प्रकारांचा फोटो पहिल्या तासात सारखाच देखणा येतो. प्रणालीला तो दाखवला की तक्रार ‘निकाली’ निघते. यावर उपाय साधा आहे: दुसरा फोटो पहिल्या मोठ्या पावसानंतरचा मागा. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गेल्यानंतरचा मागितलात तर तुमचीही बदली होईल, पण मागा.

ग्रामसडक योजनेच्या ‘ई-मार्ग’ प्रणालीकडून एक गोष्ट मात्र खुशाल उचला. तिथं पाच वर्षं देखभाल मूळ ठेकेदाराकडेच असते. अभियंता पाहणी करून फोटो चढवतो, गुण देतो आणि गुणांवर पैसे निघतात. म्हणजे मोल रस्त्याच्या तब्येतीचं, बुजवलेल्या खड्ड्यांच्या संख्येचं नव्हे. संख्येवर पैसे मिळाले, तर खड्डा जगवणं फायद्याचं ठरतं.

कुणी लेझरची गाडी आणून रस्त्याचा खडबडीतपणा मोजूया म्हणालं, तर हो म्हणा. तो मोजणारा निर्देशांक १९८२ साली ब्राझीलमध्ये झालेल्या जागतिक बँकेच्या प्रयोगातून आला. एकक मीटर प्रति किलोमीटर. रस्ता किती खडबडीत आहे हे तो चोख सांगतो. का झाला, हे सांगत नाही.

‘का’चं उत्तर बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला असतं. गटार तुंबलं, मोरी गाळानं भरली की पाणी रस्त्याखाली शिरतं, पाया भिजतो आणि वरचं डांबर कितीही महागाचं असो, उखडतं. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात रस्ता खचला, तेव्हा पाण्याची ताकद साऱ्यांनी पाहिली. पूर्वीचा मैलकुली फावडं घेऊन पावसाआधी चर मोकळे करत फिरायचा. कुठली मोरी कधी तुंबते, हे त्याला ठाऊक असायचं. ती माहिती कुठल्याच रकान्यात चढली नाही, कारण तसा रकाना कुणी केलाच नाही.

तो तेवढा करा. ‘गटार वाहतं का? मोरी मोकळी आहे का?’ एवढे दोन प्रश्न, फोटोसकट, मे संपायच्या आत. त्यांची उत्तरं भरल्याशिवाय पॅचवर्कचं बिल पुढच्या टेबलावर सरकू देऊ नका.