आकडे जुळवणाऱ्या दादांना

दादा,


तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिण्याची गरजही नाही, कारण इंजिनावर तुम्ही जे आकडे ठोकलेत तीच तुमची सही आहे.

गाडी दाखवताना तुम्ही दोन वाक्यं म्हणालात. एक, ‘मॅचिंग नंबर्स आहेत, डोळ्यांनी बघून घ्या.’ आणि दुसरं, चहाचा कप हातात देताना, ‘परदेशात येऊन आपल्याच माणसाला फसवणार आहे का मी?’ तुम्ही सांगितलेली किंमत मी घासाघीस न करता दिली. तेव्हा या दोन वाक्यांचा हिशेब मागायला मला संकोच वाटत नाही. पत्र खुलं लिहितो आहे, कारण तुमच्या शेडमध्ये आणखी सांगाडे उभे होते आणि बे एरियातल्या कुणा मराठी माणसाला उद्या तुम्ही तोच चहा आणि तेच वाक्य द्याल.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. होंडा सीआर २५० एम, एल्सिनोर, १९७३ चं मॉडेल. तोवर होंडा म्हणजे फोर-स्ट्रोक. मोटोक्रॉसच्या मैदानात हुस्क्वार्ना, मायको, सीझेड, बुल्ताको या युरोपातल्या गाड्यांचं राज्य होतं. होंडाने बाजारात आणलेली ही पहिली टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी. २४८ सीसी, एक सिलिंडर, क्रोममॉली पोलादाची चेसिस, अ‍ॅल्युमिनियमची टाकी, कोरडं वजन शंभर किलोच्या आत. दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही. नाव घेतलं दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर या गावावरून. तिथली शर्यत ब्रूस ब्राउनच्या १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटात आहे. १९७३ मध्ये गॅरी जोन्सने होंडावर बसून अमेरिकेचं २५० सीसीचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. तरीही एल्सिनोरचं खरं मोठेपण विजेत्यांत नाही. दुकानात जाऊन कुणीही विकत घ्यावी आणि येत्या रविवारी शर्यतीला उभी करावी, अशी ही गाडी होती. शाळकरी पोरांनी वर्तमानपत्रं टाकून, पेट्रोल पंपावर राबून तिच्यासाठी पैसे साठवले. त्यांनी ती आपटली, वाकवली, जोडली आणि पुन्हा पळवली. म्हणून मला ती हवी होती.

आता तुमचं पहिलं वाक्य.

होंडाच्या कारखान्यात चेसिस आणि इंजिन यांच्यावर स्वतंत्र मालिकेतले आकडे पडत. चेसिसच्या मानेवर ‘सीआर २५० एम’ आणि पुढे आकडा, इंजिनावर ‘सीआर २५० एम ई’ आणि पुढे आकडा. दोन्ही एकमेकांच्या आसपास असू शकतात, पण ते जुळवून गाडी बांधायची पद्धत होंडात नव्हतीच. ती पद्धत यामाहाची. त्या काळातल्या डीटी-१ वर चेसिस आणि इंजिनाचा आकडा एकच सापडतो, आणि तिथे तो जुळणं हा खरा पुरावा असतो. तुम्ही यामाहाचा नियम होंडाला लावलात, आणि शेवटच्या अंकापर्यंत लावलात. जे मला विश्वास बसावा म्हणून दाखवलंत, तेवढ्यानेच तुमची चोरी पकडली गेली.

आकड्याखालची जागा धुऊन, कोरडी करून, तिरप्या उजेडात बघितली. ओतकामाचा जो खरबरीतपणा आजूबाजूला आहे तो तेवढ्या पट्टीत नाही. तिथे ग्राइंडर फिरला आहे, वर बारीक पॉलिश पेपर फिरला आहे, आणि मग एकेक पंच हातोडीने मारला आहे. अंकांची उंची सारखी, पण खोली वेगळी. चेसिसवरचा तीनचा आकडा आणि इंजिनावरचा तीनचा आकडा एका घरातले नाहीत.

मग मी डावं कव्हर उघडलं. मोटोक्रॉसच्या गाडीला दिवा नसतो हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. मग फ्लायव्हीलच्या मागे दिव्याची कॉइल कशासाठी? तिच्या वायरी मुळापासून कापून, टोकं काळ्या टेपने बांधून आत दडवली आहेत. हे इंजिन एल्सिनोर एमटी २५० चं, १९७४ पासून रस्त्यासाठी विकलेल्या धाकट्या बहिणीचं. दिवे, इंडिकेटर, पोलादी टाकी, मवाळ इंजिन. वाईट गाडी मुळीच नव्हती. एमटीच्या इंजिनाची म्हणून विकली असतीत तर मी आनंदाने घेतली असती आणि रोज सकाळी किक मारली असती. टाकीचंही तेच. चंदेरी रंग सुंदर, हिरवा पट्टा सुंदर, कडा इतक्या सरळ की मास्किंग टेप लावणाऱ्याचा हात सलाम करण्यासारखा. पण लोहचुंबक लावला आणि तो चिकटला. अ‍ॅल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही, दादा. हे आपल्याला सातवीच्या विज्ञानात शिकवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, पन्नास वर्षांची मातीतली गाडी, तिचे भाग बदललेले असणारच. हे मला मान्य आहे. शर्यतीच्या गाडीचा पिस्टन, रिंगा, चेन, स्प्रॉकेट, टायर, केबल, प्लास्टिकचे मडगार्ड हे सगळं झिजवून टाकायचंच असतं. सिलिंडरचा मूळ बोअर ७० मिलिमीटर. तो झिजला की बोअरिंग करून एक साइज मोठा पिस्टन, मग आणखी मोठा. रिम वाकली की दुसऱ्या पडलेल्या गाडीची. इंजिन फुटलं तर भंगारातल्या एमटीचं. कुणाही शर्यतवाल्याने शनिवारी रात्री हे केलं असेल आणि रविवारी स्टार्टिंग गेटवर उभा राहिला असेल. अशा जोडाजोडीची मला लाज वाटत नाही. उलट, अशी गाडी मला कारखान्यातून खोक्यात बंद राहिलेल्या गाडीपेक्षा जास्त प्रिय आहे.

म्हणूनच सगळ्यात मोठा राग मला इंजिनाचा नाही. चेसिसचा आहे.

चेसिस खरी आहे. रंग उतरवला तेव्हा मागच्या शॉकच्या वरच्या टोकापाशी आणि स्विंगआर्मवर, मूळ जागेपासून पुढे सरकून, धातू घासल्याच्या खुणा दिसल्या. चारही ठिकाणी, डावी-उजवीकडे समोरासमोर. क्षणभर माझा श्वास अडकला. मोटोक्रॉसचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला या खुणा वाचता येतात. १९७४ च्या सुमाराला मागच्या चाकाचा प्रवास वाढवण्याची एकच धांदल उडाली होती. यामाहाने बेल्जियमच्या लुसियें टिल्केन्सची मोनोशॉकची कल्पना घेतली, मायकोने शॉक पुढे सरकवून तिरपे केले, आणि ज्यांच्याकडे नवी गाडी घ्यायला पैसे नव्हते अशा पोरांनी घरच्या गॅरेजात कटर आणि वेल्डिंग मशीन उचललं. शॉकची खालची आणि वरची जागा पुढे आणली की तेवढ्याच लांबीच्या शॉकवर चाक जास्त उचलतं. एका वर्षात कालबाह्य होऊ घातलेली गाडी आणखी एक मोसम टिकते. माझ्या हातातल्या चेसिसवर कुणीतरी नेमकं हेच केलं होतं. तो कोण, किती वर्षांचा, कुठल्या मैदानात पळायचा, हे त्या चार जोडांवरून कदाचित शोधता आलं असतं. निदान ब्रॅकेट कुठल्या पत्र्याचं आहे, विकत आणलेलं किट आहे की हाताने कापलेलं, वेल्डिंग शिकाऊ हाताचं आहे की सरावलेल्या, एवढं तरी कळलं असतं.

ते चार जोड तुम्ही ग्राइंडरने सपाट केलेत. वरून पुटी, वरून रंग. का, तर ‘फॅक्टरी फिनिश’ दिसावं.

एमटीचं इंजिन मी उद्या बदलू शकतो. अ‍ॅल्युमिनियमची टाकी शोधीन, महाग पडेल, पण मिळेल. त्या पोराचं वेल्डिंग मला कुठेही मिळणार नाही. या संपूर्ण गाडीत अस्सल काय होतं, तर तेवढंच होतं. कारखान्याच्या अस्सलपणाची नक्कल करण्यासाठी तुम्ही माणसाचा अस्सलपणा खरवडून काढलात, आणि तोही अशा हाताने ज्याला चांगलं आणि वाईट वेल्डिंग यांतला फरक उत्तम कळतो. न कळणाऱ्याने केलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं.

आपण दोघे पुण्याचे. जुन्या बाजारात, नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत तुम्हीही पोरपणी उभे राहिला असाल. काउंटरवर पहिला प्रश्न काय यायचा? ‘कंपनीचा देऊ की लोकल?’ दोन्ही माल समोर ठेवलेले, दोन्हींच्या किमती वेगळ्या, आणि निवड गिऱ्हाइकाची. आरएक्स १०० ला लोकल सायलेन्सर बसवणारा मेकॅनिकसुद्धा सांगायचा, ‘साहेब, आवाज थोडा फुटेल, पण चालेल.’ हातात पैसे नसले तरी आपण फसवले जातोय असं त्या दुकानात कधी वाटलं नाही. ही रीत आपण बरोबर घेऊन आलो होतो. तुम्ही ती विमानतळावरच सोडलीत का?

आणि आकडा बदलण्याचा प्रश्न गिऱ्हाइकापुरता नाही. नोंदणीसाठी वापरला जाणारा इंजिनाचा किंवा गाडीचा ओळखक्रमांक जाणूनबुजून खोडणं, बदलणं हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे. अशी गाडी जप्त होऊ शकते, मग ती कुणाच्याही हातात का असेना. त्यामागे साधं कारण आहे. मातीतल्या गाड्या गॅरेजमधून, ट्रेलरवरून सर्रास चोरीला जातात. त्यांना नंबर प्लेट नसते, रस्त्यावर कुणी थांबवत नाही. मूळ मालकाकडे परत जायची त्यांची एकच वाट असते, आणि ती त्या ठोकलेल्या आकड्यातून जाते. तुम्ही घासलेल्या पट्टीखाली कुणाची हरवलेली एमटी होती का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ती कदाचित रीतसर विकत घेतलेली असेल. असेलही. पण ते सिद्ध करायचा मार्ग तुम्ही स्वतःच्याच हाताने बंद केलात.

मला पैसे परत नकोत. गाडीही परत देणार नाही, कारण तुमच्याकडे परत आली तर ती पुन्हा कुणाला तरी ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणून विकली जाईल. ती मी नीट बांधणार आहे, आणि तिच्यासोबत एक वही ठेवणार आहे. चेसिस सीआरची, १९७३. इंजिन एमटीचं, आकडा बनावट, कुणी मारला ते माहीत आहे. टाकी पोलादी. शॉकच्या जुन्या जागा घासलेल्या, खुणा शिल्लक, फोटो जोडले आहेत. बनावट आकडा मी खरवडणार नाही. त्या जागी आता दुसरा ग्राइंडर फिरला तर उरलासुरला पुरावाही जाईल. घासलेल्या चार जागांवर पुटी भरणार नाही, फक्त गंजू नयेत म्हणून पारदर्शक लॅकर देईन. उद्या कुणी ही गाडी घेईल तर वही आधी वाचेल, किक नंतर मारेल.

वहीतली काही पानं तुमच्याकडे आहेत. इंजिन कुणाकडून घेतलंत आणि घासण्याआधी त्यावर कोणता आकडा होता, तो कुठे डायरीत, पावतीवर, फोनमधल्या फोटोत असेल तर पाठवा. चेसिस कुठल्या गावातून, कुणाच्या अंगणातून उचललीत ते सांगा. ज्याने विकली तो गाडीबद्दल काही बोलला असेल, भावाची होती, शेजाऱ्याची होती, एवढंही चालेल. तुम्ही ग्राइंडर लावण्याआधी सवयीने फोटो काढता, हे मी तुमच्या शेडमध्ये पाहिलं आहे. त्या चार जोडांचा एखादा फोटो निघाला तर त्यासाठी मी परत तेवढेच पैसे मोजायला तयार आहे, हे लिहून देतो.

आणि शेडमधल्या उरलेल्या सांगाड्यांना इतक्यात हात लावू नका. त्यांतल्या एकाच्या मानेजवळ कुणीतरी जाड वेल्डिंग करून त्रिकोणी पत्रा बसवलेला मी बघितला आहे. तो तसाच राहू द्या. येत्या शनिवारी मी कॅमेरा घेऊन येतो. घरी असाल तर कळवा, नसाल तर शेडची किल्ली शेजारी ठेवा.

कळावे,
एक एल्सिनोरवाला