अर्ज विहित नमुन्यातच करावा

डेटाबेसचा पत्ता सर्व्हरवर लिहून ठेवलेला आहे. त्याच सर्व्हरवर राहणाऱ्या जावा अ‍ॅप्लिकेशनला तो हवा आहे. एखाद्या उथळ भाषेने तो सरळ वाचून टाकला असता. 1999 सालच्या जे-टू-ई-ई या जावा प्रणालीने असल्या सवंगपणाला शिस्त लावली, याबद्दल तिचे जाहीर अभिनंदन केले पाहिजे.

अर्जदाराने प्रथम 'इनिशियल कॉन्टेक्स्ट' काढावा, 'जावा:कॉम्प/एन्व्ह' या दालनात जावे आणि नाव सांगून 'लुकअप' करावे. हाती येतो तो नुसता 'ऑब्जेक्ट'. तो स्ट्रिंगच आहे, हे अर्जदाराने स्वतः प्रमाणित करायचे. नाव सापडलेच नाही तर काय, याची तरतूद आधी केली नसेल तर कोड कंपाइलही होत नाही. याला म्हणतात दूरदृष्टी! टॉमकॅट हा जावा सर्व्हर तर त्याहून उदार. तिथे प्रशासकाने लिहिलेले मूल्य अ‍ॅप्लिकेशनच्या वेब.एक्सएमएल फाइलमधली त्याच नावाची नोंद आली की बिनदिक्कत खोडले जाते. हे नको असल्यास प्रशासकाने 'ओव्हरराइड' नको असल्याचे लेखी कळवावे.

आमची एक नम्र सूचना आहे. प्रत्येक व्हेरिएबलसोबत दोन साक्षीदार आणि रहिवासी दाखलाही मागावा.

एवढ्या बंदोबस्तात परका शिरणार कसा? उत्तर डिसेंबर 2021 मध्ये मिळाले. कोणा अनोळखी माणसाने ब्राउझरच्या नावाच्या जागी एक विशिष्ट ओळ लिहून धाडली आणि ती लॉगफोरजे या जावाच्या लॉग-लायब्ररीने लॉगमध्ये नोंदवली, की हीच लुकअप-यंत्रणा तत्परतेने त्याच्या सर्व्हरवर जाऊन त्याचाच कोड आणून चालवू शकत होती. ना अर्ज, ना साक्षीदार.

या कार्यक्षमतेला सुरक्षा-दोषांची तीव्रता मोजणाऱ्या सीव्हीएसएसच्या मोजपट्टीवर 10 पैकी 10 गुण मिळाले.