सवाईकर : एका हंगामी रसिकाची लक्षणे

पुण्यात दर डिसेंबरात भरणाऱ्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या श्रोत्यांमध्ये एक असा प्रकार आढळतो, की ज्यास नुसते 'रसिक' म्हटल्याने त्याच्या कर्तबगारीला न्याय मिळत नाही. म्हणून त्याच्यासाठी येथे 'सवाईकर' ही संज्ञा योजली आहे. 'सवाई' म्हणजे सव्वापट. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर हे बालगंधर्वांपेक्षाही पाव हिश्श्याने सरस ठरले, अशा भावनेतून त्यांना 'सवाई गंधर्व' म्हटले जाऊ लागले. सवाईकरानेही हे गणित पाळले आहे, फक्त त्याची फोड थोडी वेगळी केली आहे : त्याच्याकडे गाणे ऐकण्याचा वाटा पाव असतो आणि ऐकल्याचे सांगण्याचा पूर्ण एक.

1952 साली निवर्तलेल्या या सवाई गंधर्वांच्या, म्हणजे आपल्या गुरूच्या, स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी 1953 पासून चालवलेला हा उत्सव, 2011 मध्ये खुद्द भीमसेन गेल्यावर त्यांचेही नाव धारण करून, आता साधारणपणे पाच दिवसांचा असतो. परंतु सवाईकराच्या पंचांगात त्याचा पुरता आठवडा होतो, कारण सीझन तिकीट, म्हणजे सर्व दिवसांचे एकत्रित तिकीट, हाती आल्यापासून कचेरीत रजेसाठी सोयीचे आजारपण ठरवणे, कपाटातली शाल उन्हात टाकणे आणि कलाकारांची यादी पाहून "यंदा काही राम नाही" असे जाहीर करणे, ही पूर्वांगाची कामे त्याला उरकायची असतात.

त्याचे खरे कसब भारतीय बैठकीत, म्हणजे खुर्च्यांविना जमिनीवर बसण्याच्या विभागात, दिसून येते. दोघांपुरती चादर तो सहा माणसांच्या बेताने अंथरतो आणि तिच्या एका कोपऱ्यावर थर्मास, दुसऱ्यावर चपलांची पिशवी, तिसऱ्यावर कार्यक्रमपत्रिका व चौथ्यावर धाकटा भाचा ठेवून, "येताहेत हो, गाडी लावताहेत" या एकाच वाक्यावर दोन कलाकारांपर्यंतचा काळ निभावून नेतो. ज्यांच्यासाठी जागा धरली ते त्याच्याच गल्लीत राहतात, वर्षभर एकमेकांच्या घरी कोणी जात नाही, आणि तरीही या चादरीवर गुडघ्याला गुडघा लावून बसल्यावर त्यांच्यात जो जिव्हाळा दाटून येतो तो खोटा म्हणता येत नाही.

रागाची ओळख पटवणे हा त्याचा दुसरा प्रांत असून, येथे तो सावध असतो. भूप आणि शुद्ध कल्याण हे राग आरोहात, म्हणजे चढत्या स्वरांत, सारखेच भासतात. उतरताना शुद्ध कल्याणात मींडेतून, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाताना, निषाद व तीव्र मध्यम यांची जी पुसट छाया पडते, तिच्यावरून भेद कळतो. ती छाया ऐकू येईपर्यंत सवाईकर डोळे मिटून "कल्याण अंगाचं काहीतरी" एवढेच पुटपुटतो, निवेदकाने आधीच नाव सांगितलेले असल्यास मात्र ते शेजाऱ्यास तत्काळ व आत्मविश्वासाने कळवतो. दाद देताना मात्र त्याची समेची जागा, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, बहुधा चुकत नाही. चुकलीच तर मान डोलावणे लगेच मफलर सारखा करण्यात मिसळून जाते.

कलाकार नवखा असेल, तर विलंबित ख्यालाचा, म्हणजे संथ लयीतल्या मुख्य मांडणीचा, काळ सवाईकर खाद्यपदार्थांच्या दालनात काढतो आणि द्रुत लयीत टाळ्यांच्या सुमारास परततो. बटाटेवडा, साबुदाण्याची खिचडी आणि कॉफी यांच्या रांगेत जी समीक्षा चालते ती मांडवातल्या गाण्यापेक्षा अधिक तयारीची असते, असे म्हणण्यास हरकत नाही. तेथे तरुण गायिकेची तान "बरी, पण पाठ केलेली" ठरते आणि वडा "मागच्या वर्षी मोठा होता" असे एकाच सुरात ठरते.

कारण 'पूर्वी' हा त्याचा षड्ज, म्हणजे आधारस्वर, आहे. पूर्वी महोत्सव रात्रभर चाले, ललत किंवा तोडी ऐकत उजाडे, आणि भीमसेनांचे गाणे डोक्यात घेऊन माणसे पेठांतल्या घरी चालत जात. पुढे रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर निर्बंध आले व मैफली संध्याकाळीच आटोपू लागल्या, हे सारे खरेच आहे. मात्र ज्या पहाटेचे तो साश्रू वर्णन करतो, त्या पहाटे तो थर्मासला टेकून घोरत होता, अशी साक्ष त्याची पत्नी कोणी न विचारताही देते. रमणबागेचे मैदान सोडून उत्सव मुकुंदनगरला गेला, याचे दुःख तो स्वारगेट ओलांडणे म्हणजे परगावी जाणे असल्यासारखे सांगतो.

तरीही त्याला निव्वळ ढोंगी ठरवणे घाईचे होईल. तानपुरे जुळत असताना, खर्जाची तार एकदाची लागली आणि मांडवाची कुजबुज आपोआप विरली, की सवाईकराचा हात वड्याच्या कागदावर तसाच थांबतो, आणि पुढची काही मिनिटे तो कोणाला काहीही समजावून सांगत नाही.

शेवटच्या दिवशी सांगतेला सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीचे जुने ध्वनिमुद्रण लागते. मांडव स्तब्ध असतो, सवाईकराचे डोळे खरोखरच पाणावलेले असतात, आणि त्याच वेळी त्याच्या पायाचा अंगठा चादरीचे टोक आवाज न करता आत दुमडत असतो, कारण गाडी अगदी आतल्या रांगेत लावलेली आहे.