वादी तात्या

फलटण असो की पाथर्डी, तालुक्याच्या दिवाणी कोर्टाबाहेरच्या टपरीवर तात्या सापडतातच. डोक्यावर टोपी, काखेत साड्यांच्या दुकानाची पिशवी. पिशवीत सातबाऱ्याचे उतारे, आजोबांच्या वेळचे फेरफार, मोजणीची ‘क’ प्रत आणि साखरेची गोळी.

दावा 3 गुंठ्यांचा. बांधालगतच्या पट्टीत चुलतभावाने नांगर घातला, हे तात्यांचं म्हणणं. नांगर जागेवरच होता, बांध सरकला, हे चुलतभावाचं. तात्यांची जमीन 11 एकर. पण उरलेल्या 437 गुंठ्यांत यंदा काय पेरलंय असं विचारलं, तर ते थोरल्या मुलाकडे बोट दाखवतात.

दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज पडला, म्हणजे निशाणी 5. त्यावर ‘जैसे थे’चा हुकूम झाला आणि तेव्हापासून पट्टीत गाजरगवत जैसे थे आहे. दोघंही ते उपटत नाहीत. उपटणारा कब्जा सांगतोय, असं व्हायला नको! मोजणीची तारीख आली तेव्हा ऊस उभा होता, ऊस गेला तेव्हा पाऊस लागला, दोन्ही नव्हतं तेव्हा प्रतिवादीचे वकील परगावी होते. शेवटी कोर्ट कमिशन म्हणून भूमी अभिलेखचा माणूस आला, हद्दीच्या खुणा दाखवून गेला, आणि त्याच्या अहवालावर दोघांनीही हरकत घेतली. इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच मुद्द्यावर.

शिक्षण सातवी, पण कायदा तोंडपाठ. जबरदस्तीने कब्जा गेला आणि 6 महिन्यांच्या आत दावा लावला, तर मालकी शाबीत करावी लागत नाही. 12 वर्षं गप्प बसलात तर मात्र जमिनीवर पाणी सोडा. हे ज्ञान ते शेतापुरतं ठेवत नाहीत. एसटीत कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, की तात्या त्या जागेवर बसून शांतपणे समजावतात, “रुमाल म्हणजे नुसती नोंद. वहिवाट कुणाची आहे ते बघ.” सातबारा हा काही मालकीचा पुरावा नव्हे, हेही ते ज्याला त्याला ऐकवतात. स्वतःचा सातबारा मात्र खंडोबाच्या फोटोमागे असतो.

घरात चुलतभावाचं नाव निघत नाही, तो ‘प्रतिवादी’. नातीच्या लग्नाच्या पत्रिका वाटताना तात्यांनी मुलाला बजावलं, “प्रतिवादीला हातात दे आणि पोच घे. नंतर बजावणीच झाली नाही म्हणेल.” काकू आतून म्हणाल्या, “अक्षताही पुकारा झाल्यावरच टाकू की!” लग्नाला प्रतिवादी आला, पोटभर जेवला, आणि निघताना दोघं मांडवाच्या खांबाशी पुढच्या तारखेबद्दल बोलत उभे राहिले. तारखेला एसटी एकच असते, त्यामुळे अशी विचारपूस लागतेच.

ओढ्याकडच्या अंगाला तात्यांचाही नांगर जरा पलीकडे गेलेला आहे. म्हणून तलाठ्याने 2023 सालची सलोखा योजना सुचवून पाहिली. एकमेकांच्या जमिनीवर किमान 12 वर्षं ताबा असेल तर अदलाबदलीचा दस्त करायचा. मुद्रांक शुल्क 1000 रुपये, नोंदणी फी 1000 रुपये. तात्या उखडले. “त्याचा 12 वर्षं ताबा होता हे मी लिहून देऊ? मग इतकी वर्षं कोर्टात काय चहा प्यायला जात होतो?” टपरीवाला खाली मान घालून कपबशा विसळत राहिला.

पुढे प्रतिवादी वारला. तात्या खरोखर रडले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. कावळा फांदीवरच. जावई म्हणाला, सोसायटीचं कर्ज फेडू. नाही. भटजींना उन्हाची घाई झाली. सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुसले, हात जोडले आणि जड आवाजात म्हणाले, “दावा काढून घेतो.” कावळा दोन फांद्या वर जाऊन बसला.

तात्यांनी वर पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाले, “बरं, 90 दिवसांच्या आत पोराचं नाव वारस म्हणून लावून घेतो. दावा चालू राहील.”

कावळा झपकन उतरला.