किल्लेदार

सॉफ्टवेअरच्या प्रत्येक ऑफिसात एक किल्लेदार असतो. आमच्याकडेही आहे. व्हिजिटिंग कार्डावर त्याचं पद 'सीनियर सिस्टिम्स इंजिनिअर' असं छापलंय, पण ते कार्ड तो कुणाला देत नाही. "नाव, नंबर, ईमेल, सगळं एका कागदावर? कशाला?" वय पंचेचाळिशीच्या आसपास, पाठीला सॅक, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बँडेजची पट्टी. पाणी प्यायला उठला तरी स्क्रीन लॉक करूनच उठणार. दुसरं कुणी स्क्रीन उघडी टाकून गेलं, की तो परत येईपर्यंत त्याच्याच नावाने ऑफिसच्या ग्रुपवर निरोप गेलेला असतो : 'उद्या सकाळी माझ्याकडून सगळ्यांना मिसळ.' मिसळ द्यावी लागते, त्यात सवलत नाही. त्यामुळे नवीन माणूस रुजू झाला, की पहिला आठवडाभर अख्खं ऑफिस त्याच्याकडे मोठ्या आशेने बघत असतं.

एकदा मी त्याच्याबरोबर झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. आधारची प्रत हवी होती. दुकानदार म्हणाला, "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा ना साहेब." किल्लेदाराने सॅकमधून मूळ कार्ड काढलं. प्रत हातात पडल्यावर काउंटरवरच उभं राहून तिच्यावर तिरकं लिहिलं, 'फक्त सिमकार्डासाठी', खाली तारीख, सही. तेवढ्यात त्याची नजर दुकानाच्या कॉम्प्युटरवर गेली. डेस्कटॉपवर जागा शिल्लक नव्हती. आधार, पॅन, कुणाची लग्नपत्रिका, कुणाचा भाडेकरार. त्यातल्या एकाही माणसाला तो ओळखत नव्हता, पण पंधरा मिनिटं तिथे थांबून त्याने दुकानदाराकडून एकेक फाइल डिलीट करवून घेतली. मग रीसायकल बिन रिकामं करायला लावलं. मग "तरी डिस्कवर असतंच हो ते, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत," असं सांगून त्या बिचाऱ्याची झोप उडवली आणि दोन रुपये देऊन बाहेर पडला.

अशा माणसाकडे गेल्या वर्षी एक काम आलं. एका पतसंस्थेला सभासदांची कागदपत्रं वेब अ‍ॅपवरून घेऊन सर्व्हरवर ठेवायची होती. संस्थेचे सेक्रेटरी ऑफिसात आले. चहा झाला. "तेवढं एन्क्रिप्शन टाकून द्या," ते म्हणाले, "मिलिटरीवालं." मालक म्हणाले, "टाकलंच समजा."

कोपऱ्यातून आवाज आला, "चोर कोण, ते आधी सांगा."

सेक्रेटरी दचकले. पतसंस्थेच्या माणसाला हा प्रश्न असा तोंडावर विचारू नये. मालकांनी टेबलाखालून पाय दाबला, पण तो माझा निघाला. किल्लेदाराची गाडी सुटलेली होती. "सर्व्हरची डिस्कच कुणी उचलून नेली तर? बॅकअपची कॉपी कुठेतरी पडून राहिली तर? होस्टिंगवाल्यांच्या माणसाने डोकावलं तर? की अ‍ॅपमध्येच कुणी शिरलं तर? प्रत्येक चोराचा बंदोबस्त वेगळा असतो, साहेब. यादी करा. पहिलं नाव माझं घाला."

"तुमचं?"

"सर्व्हरचा रूट पासवर्ड माझ्याकडे आहे. मला सगळं दिसतं. ते दिसता कामा नये."

सेक्रेटरींनी आमच्या मालकांकडे पाहिलं, मालकांनी पंख्याकडे. खर्चाचा विषय निघाला तेव्हा किल्लेदार फक्त एक आकडा बोलला : अडीचशे कोटी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती सांभाळण्यात हयगय केली तर दंडाची कमाल मर्यादा तेवढी आहे. त्यानंतर आमचं कोटेशन कुणी फारसं वाचलं नाही.

कोड लिहायला एक नवीन मुलगा दिला होता. हुशार, उत्साही. चौथ्या दिवशीच म्हणाला, "सर, मी स्वतःचंच अल्गोरिदम लिहिलंय. कुणालाच माहीत नाही, त्यामुळे फुटणारच नाही." किल्लेदाराने त्या अगम्य अक्षरांच्या ओळीकडे पाहिलं, शेवटी दोन बरोबरची चिन्हं दिसली, आणि त्याने मामांना दोन चहा सांगितले. दोन चहा म्हणजे प्रकरण गंभीर. "बाळा, हे बेस सिक्स्टीफोर आहे. ह्याला किल्लीच नाही. कुणीही उलटं फिरवून वाचेल." मग त्याने पोराला केर्कहोफ्स सांगितला. तो आम्हा सगळ्यांचा पाठ आहे. पॅरिसमध्ये जर्मन शिकवणारा हा मास्तर १८८३ साली लिहून गेला, की पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये. गुप्त ठेवायची ती किल्ली. किल्लेदार म्हणूनच एईएसवर विसंबतो. दोन बेल्जियन माणसांनी, डेमन आणि रायमन यांनी, ते खुल्या स्पर्धेत मांडलं, जगभरच्या जाणकारांनी ते फोडायचा प्रयत्न केला, आणि २००१ साली अमेरिकेने ते मानक म्हणून स्वीकारलं. सगळं छापील, सगळं उघड. "लपवलेल्या शहाणपणावर माझा विश्वास नाही," तो म्हणतो.

त्याच्या टेबलामागे एका पेंग्विनचं चित्र लावलंय. मुंग्या आलेल्या टीव्हीसारखं. चित्र एईएसनेच एन्क्रिप्ट केलेलं, पण चुकीच्या पद्धतीने : सोळा सोळा बाइट्सचा प्रत्येक तुकडा वेगळा घेऊन. सारख्या तुकड्याचं उत्तर सारखंच येतं, म्हणून रंग गेले तरी पेंग्विन पोटासकट ओळखू येतो. नवीन माणसाला तो चित्रासमोर उभा करतो आणि विचारतो, "काय दिसतं?" "पेंग्विन." "दिसायला नको होता." एवढंच बोलून निघून जातो. पुढचं ज्याचं त्याने शोधायचं.

तर त्या मुलाने नीट एईएस बसवलं. फाइल आली की एन्क्रिप्ट, मागितली की डिक्रिप्ट. सुरेख चालत होतं. किल्लेदार खुर्ची ओढून शेजारी बसला.

"किल्ली कुठे?"

"कॉन्फिग फाइलमध्ये, सर."

"आणि ती फाइल?"

"सर्व्हरवर."

"आणि डॉक्युमेंट्स?"

मुलगा गप्प. दुसऱ्या दिवशी किल्ली डेटाबेसमध्ये गेली. "डेटाबेसचा पासवर्ड कुठे?" तिसऱ्या दिवशी पद्धत आणखी सुधारली : प्रत्येक फाइलला स्वतंत्र किल्ली, त्या सगळ्या किल्ल्या एका मोठ्या किल्लीने बंद, आणि मोठी किल्ली भाड्याने घेतलेल्या वेगळ्या सेवेत. किल्लेदार खूश झाला. तरी विचारलंच, "त्या सेवेत शिरायचं टोकन कुठे?" मुलाने मान खाली घातली. सर्व्हरवर.

आणि इथे किल्लेदाराचा आवाज एकदम मवाळ होतो. "बाळा, तुझं चुकलेलं नाही. अ‍ॅपला फाइल उघडता यायला हवी असेल, तर अ‍ॅपमध्ये शिरलेल्या चोरालाही ती उघडता येते. ह्याला औषध नाही. डिस्क चोरणारा अडला, बॅकअप चोरणारा अडला. किल्ली कुणी कधी मागितली त्याची नोंद राहिली, वेळ आली तर एका बटणात बंदही करता येईल. पण आत शिरलेला नाही अडला." मग चष्मा पुसत : "आता मला सांग, अ‍ॅपला फाइल उघडायची गरजच काय?"

त्याचा सगळा जीव ह्या प्रश्नात आहे. सभासद वेबवरून कागद टाकतो, तो बघायचा असतो संस्थेच्या ऑफिसातल्या माणसाला. मधल्या सर्व्हरने तो वाचायचं कारण काय? त्याने जोडीची किल्ली काढली. तिचा उघड भाग सर्व्हरवर. त्याने फक्त बंद करता येतं. फाइल एईएसने बंद, आणि तिची छोटी किल्ली ह्या उघड भागाने बंद. गुप्त भाग संस्थेच्या ऑफिसात, एका यूएसबी टोकनमध्ये. देवळातल्या दानपेटीसारखं : टाकेल कोणीही, उघडणार विश्वस्तच. सर्व्हर आख्खा चोरीला गेला तरी आधी जमा झालेलं काही वाचता येत नाही. "आता मलाही नाही दिसत," किल्लेदार म्हणाला. बढती मिळाल्यावरही तो इतका खुलला नव्हता.

मी टेस्टिंगला आहे. त्याचा आनंद फार टिकू न देणं हे माझं काम. मला सर्व्हरच्या एका फोल्डरात थंबनेल सापडली. मूळ फाइली कडेकोट बंद, आणि त्यांची छोटी छोटी चित्रं शेजारी उघडी. पॅन नंबर स्वच्छ वाचता येत होता. ती काढली, तर फाइलींची नावं तशीच. आतलं काही कळत नव्हतं, पण वर लिहिलेलं 'घटस्फोट_नोटीस_अंतिम' वाचल्यावर आत बघायचं काय राहिलं? किल्लेदार माझ्यावर चिडला नाही. दोन चहा सांगितले.

मग प्रश्न आला जादा किल्लीचा. टोकन हरवलं तर? मालक म्हणाले, "एक कॉपी तुझ्याकडेच ठेव की." किल्लेदार म्हणाला, "जयपूर आठवा."

हेही त्याचं नेहमीचं. क्रिप्टोचलनाचा बाजार चालवणारा एक तरुण कॅनेडियन मालक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला. ग्राहकांचे कोट्यवधी डॉलर ज्या किल्ल्यांमागे होते, त्या म्हणे एकट्या त्यालाच ठाऊक. पुढे तपासात निघालं, की बरेचसे पैसे आधीच उडालेले होते. २०२० मध्ये तिथल्या नियामकाने ही सरळ फसवणूक ठरवली. किल्लेदार ह्यातून दोन धडे काढतो. एक, किल्ली एकट्या माणसाकडे नको, माणूस मरतो. दोन, किल्ली एकट्या माणसाकडे नको, माणूस जिवंत असतो.

म्हणून त्याने शमीरची युक्ती लावली. अदि शमीर ह्या इस्रायली गणितज्ञाने १९७९ साली ती मांडली : गुपिताचे पाच भाग करायचे, कुठलेही तीन जमले की गुपित निघतं, दोन असतील तर काडीचाही पत्ता लागत नाही. पाच लाखबंद पाकिटं झाली. एक मालकांना, एक अकाउंट्सच्या मॅडमना, एक सेक्रेटरींना, एक संस्थेच्या सीएंना, एक मला. स्वतःला शून्य.

आणि दर तीन महिन्यांनी तालीम. टोकन हरवलं असं समजायचं, तीन पाकिटं जमवायची, किल्ली काढून दाखवायची. एक तालीम नेमकी गणपतीत आली. सेक्रेटरी चिपळूणला. सीए ऑडिटमध्ये बुडालेले, फोन उचलेनात. मॅडमनी पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये, पाटल्यांखाली ठेवलेलं, आणि बँकेला सुट्टी. उरलो मालक आणि मी. मालक म्हणाले, "सेक्रेटरींना सांगतो, फोनवर वाचून दाखवा." किल्लेदार म्हणाला, "फोनवर?" मालक म्हणाले, "मग फोटो पाठवतील." किल्लेदाराने उत्तरही दिलं नाही. मालक तापले. कंपनी कुणाची, पगार कोण देतं, सगळं झालं. संध्याकाळी किल्लेदाराने अहवाल लिहिला : 'तालमीचा पहिला भाग यशस्वी. मालकांनी दबाव आणूनही किल्ली निघाली नाही. दुसरा भाग : गरज असतानाही किल्ली निघाली नाही. पाकिटं सात करावीत.' आता सात आहेत. सातवं मामांकडे आहे, आणि तालमीला वेळेवर हजर असतं ते तेवढंच.

त्याच्याशी वागणं सोपं नाही. चहाच्या टपरीवर क्यूआर कोडवर दुसरा कोड चिकटवलाय का, ते तो नखाने खरवडून बघतो. वहिनी सांगतात, घरी पाहुणे आले की चहाआधी त्यांच्यासाठी वेगळं वाय-फाय सुरू होतं. पण एक गोष्ट माझ्या सावकाश लक्षात आली. इतक्या वर्षांत कुणाचा पगार किती, कुणाचं कर्ज थकलं, हे त्याच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. सगळ्या चाव्या हातात असून त्याने कधी डोकावलं नसणार. तरीही तो स्वतःच्या चांगुलपणावर काही सोडत नाही. आज आपण बरे आहोत, उद्याचं कोणी सांगावं, ह्या हिशेबाने स्वतःलाच बाहेर ठेवून कुलूप लावतो. जगावर संशय घेणारे पुष्कळ भेटतात. सुरुवात स्वतःपासून करणारा हा एकच.

मागच्या महिन्यात तो सकाळी पेढे घेऊन आला. आम्हाला वाटलं, पगारवाढ. तर साताऱ्याला असलेल्या आईच्या बँकेचं काहीतरी ऑनलाइन काम तो इथून करत होता. आईच्या फोनवर ओटीपी गेला. ह्याने फोन केला, "आई, आत्ता एक नंबर आलाय बघ, तो सांग."

"नाही सांगणार."

"अगं, मी बोलतोय."

"आवाज तुझाच आहे. पण तूच म्हणालास ना, कुणी माझ्या नावाने विचारलं तरी सांगू नकोस?"

त्याने बाबांचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, लहानपणी आंब्याच्या झाडावरून पडल्याचं सांगितलं. आई म्हणाली, "हे सगळं गावाला माहितीये," आणि फोन ठेवला.

"केर्कहोफ्स न वाचता!" पेढा देताना किल्लेदार प्रत्येकाला सांगत होता. बँकेचं काम तसंच राहिलं. रविवारी तो एसटीने साताऱ्याला गेला. वहिनी म्हणाल्या, आईंनी दार उघडायच्या आधी आतून विचारलं, "कोण?"