दुसऱ्या माणसाचे तीन फूट

बॅडमिंटनच्या निकालांची यादी वाचण्याचा मला नाद आहे. अशाच एका यादीत पुरुष दुहेरीतली एक क्रोएशियन जोडी दिसली आणि मी चष्मा पुसला. झ्वोनिमिर जुर्किन्याक आणि झ्वोनिमिर होल्ब्लिंग. आधी वाटलं, टाइप करणाऱ्याने घाईत एकच नाव दोनदा मारलं. पण नाही, दोघेही अस्सल झ्वोनिमिर. गेल्या दशकात हे दोघे जाळ्याच्या एकाच बाजूला उभे राहून क्रोएशियासाठी खेळले.

दोन झ्वोनिमिर एका कोर्टवर म्हटल्यावर माझ्या मनात खेळाआधी भलतेच प्रश्न आले. प्रशिक्षक बाजूला बसून 'झ्वोनिमिर, मागे जा!' असं ओरडले तर कोण मागे जात असेल? दोघेही गेले तर पुढे कोण? आपल्याकडे एका कुटुंबात दोन सुरेश जमले की त्यावर उपाय ठरलेला असतो: बँकेतला सुरेश आणि नागपूरचा सुरेश. पण स्मॅश अंगावर येत असताना 'नागपूरच्या सुरेशा, तुझ्याकडे आलं बघ' एवढं म्हणायला सवड कुठे असते? वाक्य 'नागपूर'पर्यंत पोहोचेस्तोवर पॉइंट गेलेला असतो.

नाव मात्र मोठं गोड. 'झ्वोन' म्हणजे नाद आणि 'मिर' म्हणजे शांतता. आपल्याकडे या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत, तिथे त्या एका नावात नांदतात. शिवाय नावाला राजघराण्याचा वास आहे. 1075 साली द्मितार झ्वोनिमिर क्रोएशियाचा राजा झाला. त्याने एका चर्चला जमीन दान दिल्याची नोंद क्रक बेटावर बाश्का गावाजवळ सापडलेल्या शिलालेखात आहे. हा दगड साधारण 1100 सालचा. वजन सुमारे 800 किलो. सध्या तो झाग्रेबला असतो. बॅडमिंटनचं फूल भरतं जेमतेम पाच ग्रॅम. एका झ्वोनिमिरचं नाव 800 किलोंच्या दगडाने सांभाळलं, इतर दोघांचं पाच ग्रॅमच्या फुलाने. टिकण्याच्या बाबतीत दगड पुढे, हे कबूल. पण दगड उडत नाही.

जमिनीचा विषय निघालाच आहे, तर दुहेरीच्या खेळाडूला किती जमीन मिळते तेही पाहू. एकेरीचं कोर्ट 17 फूट रुंद असतं आणि दुहेरीचं 20 फूट. म्हणजे घरात एक अख्खा माणूस वाढला, तर नियमाने त्याच्यासाठी तीन फूट वाढवून दिले. तेही सलग नाहीत, या कडेला दीड आणि त्या कडेला दीड. एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं, पण दुहेरीत सर्व्हिसपुरते मागचे अडीच फूट काढूनही घेतले आहेत. चाळीतल्या खोलीत पाहुणा आल्यावर खाट भिंतीला सरकवतात, तोच हिशेब. मुंबईकराला हा खेळ का जमतो, हे वेगळं सांगायला नको. दुहेरी खेळणारा आपला चिराग शेट्टी मुंबईचाच.

इतक्या जागेत दोन माणसं आणि दोन रॅकेटा एकमेकांना न लागता फिरवायच्या. चढाई करताना एकाने पुढे आणि एकाने मागे राहायचं. बचावात दोघांनी शेजारी-शेजारी यायचं. ही अदलाबदल निम्म्या क्षणात, न बोलता व्हावी लागते. पुढचा वळून पाहत नाही. मागे जोडीदार आहे, हे त्याने धरूनच चालायचं असतं. समोरचे लोकही बिलंदर. ते फूल डावीकडे मारत नाहीत, उजवीकडे मारत नाहीत, बरोब्बर दोघांच्या मध्ये मारतात. कारण मधलं फूल हे सामाईक भिंतीसारखं असतं. हक्क दोघांचा, डागडुजी कोणाचीच नाही.

आमच्या सोसायटीतल्या कोर्टवर शेजारचे काका आणि मी गेली कित्येक वर्षं जोडीने हरतो आहोत. मधलं फूल आलं की दोघेही आदराने एकमेकांकडे पाहतो, फूल आमच्या मधोमध अलगद टेकतं आणि मग आम्ही एका सुरात म्हणतो, 'तुमचं होतं!' आमच्यात तेवढाच काय तो ताळमेळ.

क्रोएशियन भाषेत 'माझी'ला 'मोया' म्हणतात आणि 'तुझी'ला 'त्वोया'. मोया, त्वोया, माझी, तुझी. हजारो मैलांवरची भाषा, पण भांडणाची मूळ सामग्री आपलीच दिसते. फरक एवढाच की आपलं फूल नपुंसकलिंगी, म्हणून आपण 'माझं, तुझं' करतो, आणि ते फुलाला म्हणतात 'लोप्तित्सा', म्हणजे छोटा चेंडू, आणि ती स्त्रीलिंगी. 

तसा हा देश जोड्यांचा आहे. 2021 सालच्या जनगणनेत लोकसंख्या 39 लाखांच्याही आत, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही. तरी त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये टेनिसच्या पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात जाळ्याच्या अलीकडेही क्रोएशियन होते आणि पलीकडेही. मेक्तिच-पाविच यांनी चिलिच-दोदिग यांना हरवलं. सुवर्ण आणि रौप्य, दोन्ही घरात.

बॅडमिंटनमध्ये तिथे असा थाट नाही. या खेळातली छोट्या देशातली कारकीर्द म्हणजे छोट्या शहरांतले हॉल, रिकाम्या खुर्च्या आणि रॅकेटची पिशवी पायाशी घेऊन केलेला प्रवास. त्यातही दुहेरीवाल्याचं आणखी एक दुखणं असतं. जागतिक क्रमवारीतलं स्थान त्याचं एकट्याचं नसतं, जोडीचं असतं. जोडीदार बदलला की नव्या जोडीच्या नावावर गुण नव्याने जमवायचे. बक्षिसाची वाटणी. जिंकलं तर दोघांनी जिंकलं. हरलं तर चूक कोणाची, हे परतीच्या वाटेवर कळतं. उभ्या आयुष्यात कमावलेल्या प्रत्येक गुणावर दुसऱ्या कोणाचं तरी नाव असतं. आपल्या दोन झ्वोनिमिरांच्या बाबतीत तर ते निम्मं स्वतःचंच नाव होतं! 'झ्वोनिमिरने चुकवलं' असं कोणी म्हटलं, तर दोघांनाही मान खाली घालता येते आणि दोघांनाही शेजाऱ्याकडे बघता येतं. अशी सोय बाकी कुठल्या नोकरीत आहे?

'मोया' आणि 'त्वोया' यांच्या पुढचा एक शब्द मी मुद्दाम मागे ठेवला होता. 'आपली'ला तिकडे 'नाशा' म्हणतात. परवा मधलं फूल पुन्हा आमच्या मधोमध पडलं. काकांनी सवयीने तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी म्हणालो, 'नाशा.'

काकांनी स्कोअरकडे पाहिलं आणि म्हणाले, 'ते दिसतंच आहे.'