धबधब्याचे मुखत्यार

सालेकसा तालुक्यात दरेकसा स्थानकाजवळ, मुंबई-हावडा लोहमार्गालगतच्या रानात कोसळणाऱ्या हाजरा धबधब्याची मुखत्यारी हल्ली व्लॉगर नामक तरुण मंडळींनी, कोणत्याही सनदेवाचून, स्वतःकडे घेतली आहे. ऐन श्रावणात ओसंडत्या पाण्यासमोर उभे राहून 'कधीही या' अशी बिनदिक्कत शिफारस करणाऱ्या, आणि पर्जन्यावर पोसलेला हा प्रपात वैशाखात किती क्षीण होतो याची दखलही न घेणाऱ्या या सल्लागारांवर माझी श्रद्धा प्रारंभी पुष्कळ होती. ती ओसरू लागली नागझिऱ्याच्या प्रकरणात. १९७० साली अभयारण्य ठरलेल्या आणि २०१३ साली नवेगावसह व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झालेल्या त्या अरण्याच्या गाभ्याचे दरवाजे भर पावसाळ्यात पर्यटकांस बंद असतात, हा सरकारी रिवाज ठाऊक नसताना, जणू अरण्य म्हणजे तिकिटावर चालणारा थीम पार्कच, अशा थाटात 'पावसात हमखास वाघ' हा करारनामा ते करतात, तेव्हा आपली हजेरी कोणत्या दफ्तरात लागली, असा संभ्रम खुद्द वाघास पडावा.

नवेगावबांधच्या परिसरात वर्षानुवर्षे राहून मारुती चितमपल्लींनी पाखरे टिपली. आमच्या व्लॉगरास तेवढी सवड कोठून? सारसास तो बगळा म्हणतो. माघी पौर्णिमेस जेथे गोंड समाज श्रद्धेने जमतो, त्या कचारगडच्या गुहेत त्यास केवळ छायाचित्राची उत्तम चौकट दिसते. त्याचा एकच सल्ला मी अद्याप शिरसावंद्य मानतो: दरेकशास जाताना डबा घरूनच न्यावा.